गुणिले दहा

मोसंबीच्या फुलांचा वास माघातल्या सकाळी दवाइतका जड असतो. तो वाऱ्यावर येत नाही, जमिनीलगत सरपटत येतो. बांधावरच्या झुडपांतून वाट काढतो, गव्हाच्या ओंब्यांवर क्षणभर रेंगाळतो आणि मग माणसाला नकळत वेढून टाकतो. त्या रविवारी काकींच्या बागेतून तो असाच आमच्या शेतात उतरत होता, आणि मी विहिरीशेजारी उकिडवा बसून, कोवळ्या उन्हाचीही तक्रार असणाऱ्या शहरी माणसाच्या ऐटीत, खिशातली गॉगलची डबी उघडत होतो. डबीतून निघाला बायकोचा वाचायचा चष्मा!

निघायच्या घाईत मी भलतीच डबी उचलली होती. आता मला चष्मा लागत नाही, हे मी गेली चार वर्षं घरात ठणकावून सांगत आलो आहे. वर्तमानपत्र मी हात लांब करून वाचतो, आणि हात पुरेनासा झाला की त्या बातमीत काही राम नव्हता असं म्हणतो. पण तिथं पाहायला कोण होतं? एक टिटवी होती, तिनं कुणाला सांगितलं नसतं. मी गंमत म्हणून तो चष्मा नाकावर चढवला आणि पाण्याच्या मीटरवर वाकलो. आकड्यांच्या खाली, जिथं मी गेले तीन महिने चिखलाचा शिंतोडा पाहत होतो, तिथं गुणाकाराची एक फुली होती, आणि तिच्यापुढं दहा.

मी छत्रपती संभाजीनगरात भूगोल शिकवतो. नळाला पाणी येण्याचा दिवस जिथं सणासारखा कॅलेंडरात पाहून ठेवावा लागतो, अशा शहरात राहून मी मुलांना भूजल शिकवतो. काळ्या पाषाणाच्या थरांत पाणी कसं थोडंच मुरतं, हे फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवतो. रविवारी मात्र मी शेतकरी. लासूर स्टेशनजवळच्या गावात आमची दोन एकर जमीन आहे, तिच्यात औंदा गहू होता. टँकरची वाट पाहत काढलेले उन्हाळे गावानं पुष्कळ भोगले, आणि एकदाचं सगळ्यांच्या संमतीनं ठरलं, की यापुढं प्रत्येक मोटरीच्या पाइपाला मीटर बसेल, दर पंधरवड्याला विहिरीत टेप सोडून पाण्याची खोली बघितली जाईल, आणि उपसलेलं पाणी शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलं जाईल. किती साधी व्यवस्था, आणि किती प्रगल्भ! जे पाणी आजवर ज्याच्या त्याच्या जमिनीखाली ज्याचं त्याचं समजलं जात होतं, ते पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, एका ओळीखाली एक, सगळ्यांचं झालं.

मीटर वाचायचं काम बचतगटाच्या वंदनाताई करतात. ऊन असो, चिखल असो, बाई वही घेऊन बांधाबांधानं फिरते. पण माझं मीटर मी वाचणार, असा मी आग्रह धरला. भूगोलाच्या मास्तराचं मीटर दुसऱ्यानं वाचावं? आमचा पाइप मोठा, म्हणून मीटरही गावातल्या इतरांपेक्षा निराळं. ते सरच जाणोत, असं म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. मागच्या पंधरवड्यात माझा आकडा होता अडतीस. एक आकडा म्हणजे हजार लिटर, पाच पिंपं, असं मी धरून चाललो होतो. गव्हाच्या मानानं ते इतकं थोडं होतं, की दगडूमामांनी भर बैठकीत मला विचारलं होतं, “सर, तुमचा गहू काय रोजे धरतो का?” सगळे हसले. मी हसलो नाही. मी उठून तुषार सिंचनावर पाऊण तास बोललो.

तुम्हाला म्हणून सांगतो, स्तुतीसारखी तहान नाही. ती कितीही भागवली तरी विहिरीच्या तळासारखी कोरडीच राहते.

पण जमिनीच्या पोटात काही वेगळंच चाललं होतं. ओढ्याच्या आमच्या बाजूच्या विहिरी फळ्यावरच्या आकड्यांच्या कितीतरी पट वेगानं खाली जात होत्या. पाणी जातंय कुठं? गावाची नजर काकींकडं वळली. काकी म्हणजे आमच्या भावकीतल्या. चुलते गेल्यावर दीडशे मोसंबीची बाग त्यांनी एकटीनं सांभाळली. त्यांची विहीर माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. मोसंबीला पाणी लई लागतं, मीटरला वळसा घालून दुसरा पाइप टाकला असेल, असं कुणीतरी कुजबुजलं आणि कुजबुजीला पाय फुटले. मागच्या बैठकीत काकींच्या नावाभोवती खडूनं गोल काढला गेला. या रविवारीही मेळ बसला नाही तर त्यांची मोटर पंधरा दिवस बंद, असं ठरलं. फुलावर आलेल्या मोसंबीचं पाणी पंधरा दिवस तुटलं, तर बहार झाडाखाली सडा होऊन पडतो. वर्ष जातं. काकी एवढंच म्हणाल्या होत्या, “माझ्या विहिरीत उतरून बघा. दुसरा पाइप सापडला तर बाग तोडा.” मी तेव्हा फळ्याकडं पाहत होतो. माझा अडतीस तिथं किती लहान, किती सोज्वळ दिसत होता!

आणि आता तोच अडतीस बायकोच्या चष्म्यातून माझ्याकडं पाहत होता. अडतीस गुणिले दहा. एक आकडा म्हणजे पाच पिंपं नव्हती. एक आकडा म्हणजे एक आख्खा टँकर. डोळ्यांसमोर टँकरांची रांग लागली: आमच्या विहिरीपासून, गाडीवाटेनं, थेट डांबरी सडकेपर्यंत. एका टँकरभोवती आख्खी वस्ती हंडे घेऊन धावताना मी पाहिली आहे. तसे अडतीस टँकर मी पंधरा दिवसांत गव्हाला पाजले होते, आणि त्यातलं किती पाणी काकींच्या झऱ्यातून ओढून आणलं होतं, ते त्या काळ्या पाषाणालाच ठाऊक.

खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो चष्मा काढून ठेवण्याचा. पुढच्या पंधरवड्यापासून आकडा हळूहळू वाढवत नेला असता तर कुणाला कळलं असतं? माणूस स्वतःला माफ करायला लागला की त्याच्याइतका दयाळू न्यायाधीश त्रिभुवनात सापडायचा नाही! मी पाइपाला कान लावला. आत पाणी चाललं होतं, दूरच्या पालखीमागच्या पावलांसारखं, अविरत आणि निमूट. त्याची काहीच तक्रार नव्हती. तेवढ्यात पुन्हा तो वास आला. आणखी थोड्या दिवसांनी तो येणार नाही, आणि का येत नाही हे गावात फक्त मला ठाऊक असेल, हे ध्यानात आलं, तेव्हा मी उठलो आणि मोटर बंद केली.

दुपारी शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. मी फळ्यापुढं जाऊन माझ्या अडतीसपुढं शून्य लिहिलं आणि ते का लिहिलं ते सांगितलं. पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला चार वाक्यंही पुरी करवेनात. वंदनाताईंनी वहीत बेरीज केली, टेपची मापं पडताळली आणि मान हलवली: मेळ बसत होता. दगडूमामांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. काकींची मोटर चालू राहील आणि माझी महिनाभर बंद, हे ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. गहू नेमका दाणा भरण्याच्या वेळेत होता. मी मान्य केलं. मान्य न करायला माझ्यापाशी होतं काय?

काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “सुधाकरा, बाकी काय नाय. तो गोल तेवढा पूस.”

डस्टर सापडेना. मी तळहातानं पुसला. गोल गेला, पण भिंतीवरच्या त्या काळ्या रंगावर एक पांढुरका डाग राहिला, आणि तो मी जितका पुसत गेलो तितका पसरत गेला. मागं वळून पाहिलं तेव्हा काकी निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी घरी परतलो. शर्टाला अजून मोसंबीचा वास होता. की मलाच तसं वाटत होतं? बायको उद्याच्या डाळीतले खडे निवडून ठेवत होती, चष्म्याविना, ताट डोळ्यांजवळ धरून. मी तिचा चष्मा पुढं केला आणि सगळं सांगितलं. गव्हाचं सांगितलं, शून्याचं सांगितलं, गोलाचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चष्मा पदरानं पुसला, डबीत घातला आणि डबी माझ्याकडं सरकवली.

“राहू द्या तुमच्याकडंच,” ती म्हणाली. “मीटर आता वंदनाताई वाचतील. पुढच्या रविवारी आधी काकींकडं जा, आणि हा लावून एकदा त्यांच्या तोंडाकडं बघा.”