भीमेच्या पुलावर अडलेली कोंबडी

कायद्यापुढे सगळे जीव समान असतात, असं मी शिरूरच्या वाचनालयात नोकरी करताना अनेक जाड पुस्तकांत वाचलं होतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी कुणीही पिशवीत कोंबडी घालून शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात गेलेलं नसावं.

गोष्ट बर्ड फ्लूच्या दिवसांतली. दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला रोग निघाला आणि आसपासच्या घरांतल्या कोंबड्या सरकारी माणसं घेऊन गेली. त्यात माझ्या शांतामावशीच्याही गेल्या. काका वारल्यापासून त्या घरात मावशीशी भांडायला तेवढ्याच उरल्या होत्या. ती रोज संध्याकाळी आईला फोन करायची, पण आता बोलायचीच नाही. एकदा एवढंच म्हणाली, "आक्का, सकाळी उठून करायचं काय, तेच कळंना बघ."

आईनं फोन ठेवला आणि निमोण्यातल्या आमच्या अंगणातली सगळ्यात भांडकुदळ कोंबडी निवडली. तांबडी, मानेवर पिसं कमी, आवाज मात्र सरपंचाला लाजवेल असा. ही शांतीला द्यायची, असा हुकूम निघाला.

मी म्हणालो, आधी नियम बघू. (आमच्या घरात हे वाक्य मीच म्हणतो आणि मीच ऐकतो.) बघायला गेलो तर नियम पुष्कळ होते. एकात विक्री बंद होती, दुसऱ्यात अदलाबदलही बंद होती. तिसरा फक्त पोल्ट्रीवाल्यांसाठी होता. चौथा 'परसातील' कोंबड्यांसाठी होता. पण आमची कोंबडी आईच्या खाटेखाली झोपते, तेव्हा ती परसातली की घरातली, हे मला ठरवता येईना. शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारलं, तर म्हणाले दौंडला विचारा. दौंडला फोन केला, तर म्हणाले कोंबडी कुठली? शिरूरची? मग शिरूरला विचारा!

पण मी पानन् पान वाचलं होतं. 'भेट' हा शब्द कुठंही नव्हता. विक्री नाही, अदलाबदल नाही, तर भेट. या शोधावर मी इतका खूश झालो की आईला तो दोनदा समजावून सांगितला. कुणी विचारलं तर काय म्हणायचं? "भेट," आई म्हणाली. एवढ्यावर मी परीक्षा थांबवली, हीच चूक झाली.

सकाळी आम्ही निघालो. मी स्कूटरवर, मागं आई, आईच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीतून बाहेर काढलेली कोंबडीची मान. रस्त्याचे खड्डे आईनं सोसले. कोंबडीनं सोसले नाहीत. भीमेच्या पुलावर आडवा बांबू लावलेला होता आणि पांढऱ्या पोशाखातली एक तरुण डॉक्टरीणबाई उभी होती.

"पिशवीत काय आहे?" तिनं विचारलं. प्रश्न तसा अनावश्यक होता, कारण पिशवी ओरडत होती.

मी घसा साफ केला. ही बहिणीनं बहिणीला दिलेली भेट असून तिच्यात विक्रीचा वा विनिमयाचा लवलेशही नाही, असं जवळजवळ भाषणच केलं. ते संपता संपता मागून आई म्हणाली, "तसं न्हाई, बाय. फुकटची कोंबडी लाभत न्हाई. शांतीकडनं मूठभर बाजरी घ्यायची हाय मला."

आमच्याकडं ही रीतच आहे. कोंबडी असो की रोप, फुकट दिलं तर जगत नाही. बदल्यात मूठभर धान्य तरी घ्यायचंच.

"म्हणजे अदलाबदल," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मी म्हणालो, बाजरी प्रतीकात्मक आहे.

"काका, प्रतीकात्मक बाजरीचं मला काही कळवलेलं नाही."

तिनं साहेबांना फोन लावला. साहेबांनी बराच विचार करून सांगितलं की कोंबडी पुढं जाणार नाही. मात्र नाक्यापर्यंत आलेली कोंबडी मागं जाऊ शकते का, हे वरती विचारून कळवतो! म्हणजे आता आमची कोंबडी कुठल्याच तालुक्याची राहिली नाही. अशा बिकट प्रसंगी तिनं पिशवीत अंडं घातलं. अंड्यांचा नियम वेगळा होता. डॉक्टरीणबाईनं अंड्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि फोन खिशात घातला.

दरम्यान आईनं बहिणीला कळवलं होतं. तासाभरात रिक्षातून मावशी उतरली. बांबूच्या पलीकडं थांबली. वाळली होती. तिनं पिशवीकडं पाहिलं आणि कोंबडीनं तिच्यावर आवाज चढवला.

"लई तोंडाळ दिसती," मावशी म्हणाली, आणि काकांनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आईचे डोळे भरले. तिनं पदर लावला आणि माझ्यावर खेकसली, की एवढं वाचून काय उपयोग झाला.

मावशीच डॉक्टरीणबाईला म्हणाली, "पोरी, ही हिकडं यायची न्हाई. मंग मी तिकडं गेले तर चालंल का?"

डॉक्टरीणबाईनं कागद काढला, दोन्ही बाजूंनी वाचला. मावश्यांच्या वाहतुकीवर बंदी नव्हती. तिनं मावशीच्या चपलांवर औषध फवारलं, हात धुवायला लावले आणि बांबू उचलला. मला हळूच म्हणाली, "निघा काका, साहेबांचा फोन यायच्या आत."

दोघी बहिणी आणि कोंबडी पुढं रिक्षात, मी मागून स्कूटरवर, शर्टाच्या खिशात अंडं. घरी पोचल्यावर मावशीनं आमच्याच कणगीतली मूठभर बाजरी आईच्या ओंजळीत टाकली. कोंबडी रीतसर मावशीची झाली.

बंदी उठून आता बरेच महिने झाले. उठली त्या दिवशी मी तो आदेश घरात मोठ्यानं वाचून दाखवला. मावशीनं शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितलं की कोंबडी अंड्यांवर बसलीय, बसलेली कोंबडी हलवत न्हाईत. पिल्लं निघाल्यावर पिल्लं लहान होती. पिल्लं मोठी झाली, तर कोंबडी पुन्हा बसली. आईनं या काळात केडगावचा विषय एकदाही काढला नाही.

मावशी आणि कोंबडी माझ्या वाचायच्या खोलीत राहतात. आत जायचं असलं की मी दार वाजवतो. बहुतेक वेळा उत्तर कोंबडी देते.