रफिकचं लोखंड

नळाला आठवड्यानं पाणी आलं होतं. पुंडलिकनगरातल्या गच्चीवर मी टाकी किती भरली ते पाहत होतो, तेव्हा फोन आला. रफिक गेला. मी खाली उतरून मोटर बंद केली.

किस्से लॅबमधल्या रिकाम्या बाटल्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर येतात.

रफिक आणि मी एकाच लॅबमध्ये पीएचडी करत होतो. सेंद्रिय रेणूला सिलिकॉन जोडायचं, एवढंच काम. त्यासाठी प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक लागतो, तो महाग. रफिक म्हणायचा, "हेच काम मी लोखंडाकडून करून घेतो की नाय बघा."

आमचे गाइड, म्हणजे सर, म्हणायचे, "आधी प्लॅटिनमकडून करून घे."

*

दुष्काळात वाफ निववणारा कंडेन्सर थंड ठेवायला नळाचं पाणी मिळेना. रफिकनं दौलताबादहून घरच्या कूलरचा पंप आणला, बादलीत टाकला आणि तेच पाणी फिरवलं. उन्हाळाभर त्याच्या अम्मीचा निरोप यायचा, "डिग्री मिळाली असेल तर पंप दे."

*

आमच्या सिलेनला, म्हणजे ज्यातून सिलिकॉन यायचं त्या रसायनाला, ओलावा अजिबात चालत नाही. लॅब सांभाळणाऱ्या शिंदेमामांनी बाटलीवरची 'पाण्यापासून दूर ठेवा' ही चिठ्ठी वाचली.

"आख्खं करमाड टँकरमागं पळतंय, अन् हिला पाणी नको. लई माजलीय."

*

एकदा रफिक एनएमआरचा, म्हणजे रेणूत काय जोडलंय ते दाखवणाऱ्या यंत्राचा, आलेख नाचवत आला. सिलिकॉनची रेघ ही एवढी उंच.

"जुड गया, कुलकर्णी. पेढे आण."

सरांनी आलेख पाहिला. "फ्लास्कच्या तोंडाला ग्रीस कुठलं लावलंस?"

"सिलिकॉनचं, सर."

"मग पेढे ग्रीसच्या डबीला द्या. आलेख तिचाच आहे."

*

शेवटी लोखंडानं काम केलं. तीनदा केलं. सर्वांनी समोसे खाल्ले. मग पुरावा म्हणून रफिकनं लोखंड न टाकता तीच रिअ‍ॅक्शन लावली. तीही झाली.

सर म्हणाले, "तुझं लोखंड फारच गुणी आहे. हजर नसलं तरी काम होतं."

रफिकनं फ्लास्कमध्ये ढवळायला फिरणारा जुना मॅग्नेट काढून उजेडात धरला. त्याच्या ओरखड्यांत आधीचं प्लॅटिनम अडकलं असणार.

"इतकी वर्षं प्लॅटिनमचं खाल्लंय यानं. विसरेल कसा?"

म्हणजे लोखंडानं काही केलं की नाही, हे कळलंच नाही. रफिकनं प्लॅटिनमवरच पीएचडी पुरी केली आणि शेंद्र्याच्या नव्या कारखान्यात लागला. मी कॉलेजात शिकवू लागलो. जाताना त्यानं लोखंडाची एक हवाबंद कुपी माझ्याकडे दिली.

"कोरा मॅग्नेट घे, एकदा लावून बघ. झालं तर लोखंड खरं, नाय झालं तर मी गाढव. पण सांग मला."

कोरा मॅग्नेट मी त्याच महिन्यात आणला. रिअ‍ॅक्शन लावलेली नाही.