चढाईपटूचं रॅप

सलूनमधल्या टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर आमचा महेश चढाईला निघाला होता. "कबड्डी, कबड्डी" म्हणणारे त्याचे ओठ एका दमात हलत होते, आणि मला त्याचं रॅप आठवलं.

गेल्या दिवाळीत माझ्या घरी येऊन त्यानं ते मोबाइलवर लावलं होतं. स्वतः लिहिलेलं. मी त्याचा पहिला कोच. दोन ओळी होताच म्हणालो, "ही थेरं सोड. गुडघा कसाय?"

"बराय, सर." त्यानं गाणं बंद केलं. पुन्हा कधी लावलं नाही.

इतकी वर्षं मी त्याचा दम मोजला; त्या दमात त्याला आणखी काही म्हणायचं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या दोन ओळीही आता आठवत नाहीत.

"आवाज वाढवा जरा," मी म्हटलं.

न्हाव्यानं वाढवला. नुसता समालोचक ऐकू आला. महेशचे ओठ हलतच होते.