दिवा जमा केला का?

चांद्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो पहिली पाळी संपवून, आंघोळ करून यायचा. जमिनीखालच्या कोळसा खाणीत कामाला होता. माझ्या पक्क्या स्लॅबखालीही आधी वर नजर टाकल्याशिवाय खुर्चीत बसत नसे.

जमीन पोखरत हिरे वेचायचे आणि वरून पडणारे दगड चुकवायचे, हा जुना गेम त्याने वर्षभर खपून स्वतः नव्याने बनवला आणि मागेल त्याला फ्लॉपीवर फुकट दिला. हिऱ्यांच्या जागी कोळसा घातला. तीन जीवांऐवजी एकच ठेवला.

एकदा मी सगळा कोळसा वेचला, तरी गेम संपेना.

"भाऊ, तुमचा गेम अटकला."

त्याने चहा खाली ठेवला. "अटकला नाई, सर. दिवा जमा केला का? वर लॅम्परूम हाये. तिथी दिवा वापस आला नाई, तं माणूस खालीच हाये असं समजते."

मी दगड चुकवत माझ्या माणसाला वर नेलं, खिडकीत टोपीवरचा दिवा ठेवला. भोंगा वाजला. तो बोटाएवढा माणूस सायकल काढून घरी निघाला.

तो पडद्यावरून पार दिसेनासा झाल्यावरच यानं चहाचा कप उचलला.