पाटील, तोंड उघडा

पाटलानं माझी हनुवटी धरली, मान वर केली आणि अंगठ्यानं माझा ओठ उचलला. बैलबाजारात वय पाहायला गोऱ्ह्याचा उचलतात तसा.

"दोन दाती आहे अजून," म्हणाला. "नांगराले चालत नाही, मताले कुठून चालन? जा वं घरी. दात आले का ये."

शाळेच्या खोलीत मतदान होतं. पाटील टेबलाशी बसलेला, त्याच्या पक्षाचा एजंट म्हणून. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं तेव्हाची ही गोष्ट. मी वीस वर्षांची. कडेवर माझी लेक. यादीत माझं नाव होतं, मतदान घेणाऱ्या मास्तरानं माझ्यासमोर वाचलं होतं. पण पाटील हसला तसे सगळे हसले. मास्तर हसला नाही, त्यानं फक्त मान खाली घातली. त्याचाही मला राग आहे, आजही आहे.

आमच्या हातचं पाणी न पिणारा माणूस तो. माझ्या ओठाला हात लावताना त्याला विटाळ झाला नाही.

मी मत न टाकता घरी आले. चूल पेटवली. लेकीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं न् रडायला लागली. मी रडले नाही. मी तोंड धूत राहिले.

तुम्ही म्हणाल, बाई, जुनी गोष्ट आहे, सोडून द्या. कशी सोडू? गावानं सोडली का? त्या दिवसापासून माझं नाव पडलं दोन दाती. धानाची रोपं लावायला, रोवणीला गेले की बांधावरून हाक यायची, "ए दोन दाती, इकडचे पऱ्हे उचल." माझ्या लेकीला शाळेत पोरं विचारायची, तुझ्या मायले दात किती? तेव्हापासून मी पदरानं तोंड झाकायला लागले. हसताना पदर. बोलताना पदर. पुढं दर इलेक्शनला मत टाकलं, तेही तोंडाला पदर लावून. माझी शाळा चौथीत सुटली होती, मग नीट वाचायला मी घरीच शिकले, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून. सगळं आलं. पदर काही सुटला नाही.

आता याच वर्षीची गोष्ट सांगते.

लेकीची लेक समीक्षा माझ्याजवळ राहाते. सतरा वर्षांची आहे, बारावीला. गावात पोरांसाठी सरकारी पैशातून अभ्यासिका बांधली. खोली चांगली आहे, पंखा आहे, टेबलं आहेत. चाबी पाटलाकडं गेली. धान निघालं तशी पाटलाची पोती, कट्टे म्हणतो आम्ही, त्या खोलीत गेली. टेबलं बाहेर, धान आत. आमच्या बौद्ध टोलीतल्या पोरी शाळेच्या ओसरीवर बसून अभ्यास करून राहिल्या, तिथं लाईट नाही, डास फोडून खातात.

समीक्षा म्हणाली, "आजी, मी ग्रामसभेत विचारतो."

मी म्हटलं, विचार माय.

सरपंचाची जागा बाईसाठी राखीव. म्हणून पाटलाची सून सरपंच. ती खुर्चीवर डोक्यावर पदर घेऊन बसते, बोलतो सासरा. तो आता म्हातारा झाला आहे, पण आवाज तोच. समीक्षा उभी राहिली. सगळ्यांसमोर बोलली. "अभ्यासिकेत धानाचे कट्टे काऊन भरले? खोली आमची आहे. चाबी द्या."

पाटलानं ग्रामसेवकाकडं पाहिलं. मग पोरीकडं. "तुह्यं नाव आहे का मतदार यादीत?"

"नाही."

"मग कायले उभी झाली? ग्रामसभा मतदाराची राहाते. लेकराइची नाही. बाहेर हो."

आता ऐका. मागच्या इलेक्शनात याच लेकरांना त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं होतं. हातात झेंडे दिले. घसा बसेपर्यंत त्याच्या सुनेच्या नावाचा जयजयकार करायला लावला. कागदाच्या पुडीत चिवडा दिला. तेव्हा वय विचारलं नाही. रोवणीला पोरी चालतात. ट्रॅक्टर हाकायला पोरं चालतात. माझं तर सतराव्या वर्षी लग्न झालं, मांडवात कोणी म्हणालं नाही की लेकरू आहे. तोंड उघडलं की मग वय निघते.

समीक्षा दाराकडं निघाली. तेवढ्यात पाटलाची नजर माझ्यावर पडली. त्याचा चेहरा खुलला.

"अरे, ही दोन दातीची नात होय का! पाहून घ्या रे, हिलेही दात आले का नाही ते."

हसले. तेच हसणं. समीक्षा दारात थांबली, माझ्याकडं वळून पाहू लागली. तिला ती गोष्ट कधीच सांगितली नव्हती मी.

मी उठले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी कशी उठले कोण जाणे. थेट त्याच्यासमोर गेले. पदर तोंडावरून काढला, खांद्यावर टाकला.

"पाटील, तोंड उघडा."

"काय म्हनलं?"

"तोंड उघडा म्हनते. दात पाहू द्या."



"कवळी गोंदियावरून आनली तुमी, साऱ्या गावाले माहीत आहे. बैल असते तर कधीचे बाजारात नेले असते. अन् खुर्ची सोडवत नाही."

आधी दाराशी जमलेल्या पोरी हसल्या. मग मागचे गडी. सरपंच सुनेचा पदर हलत होता, आत ती हसत होती. मी पाहिलं. पाटलानंही पाहिलं. त्याच्या मानेची शीर फुगली.

"बाहेर काढा हिले!"

"काढून दाखवा. मी मतदार आहे. यादीत नाव आहे माझं." मग ग्रामसेवकाला म्हटलं, "बाबू, लिहा."

समीक्षा बाहेर खिडकीशी येऊन उभी राहिली. ती एक वाक्य बोलायची, मी मोठ्यानं म्हणायची. ती बोलायची, मी म्हणायची. कट्टे कधी भरले, कोणाच्या ट्रॅक्टरनं आणले, खोली कोणाच्या नावानं बांधली. ग्रामसेवकाला लिहावं लागलं. तो घामाघूम.

शेवटी पाटील उठला. कोरम नाही म्हणाला. सभा तहकूब.

चाबी मिळाली नाही. कट्टे अजून आतच आहेत. पोरी अजून ओसरीवर.

पण टोलीतल्या म्हाताऱ्या बाया माझ्या अंगणात जमल्या. आम्ही ठरवलं. सरकारनं सोळाव्या वर्षी मत द्यावं असं माझं म्हणणं आहे, देईल तेव्हा देईल. तोवर आमची मतं आमची पोरं ठरवतील. कोणाला टाकायचं ते घराघरातली पोरगी सांगेल, आजी बटन दाबेल. एका म्हातारीनं विचारलं, "अन् पोरगी चुकली त?" मी म्हटलं, आपन काय आजवर बरोबर दाबत होतो?

आता मी घरोघरी जाते. रोज. येत्या ग्रामपंचायतीच्या इलेक्शनात उमेदवार आमच्या टोलीतला राहील, तरणा, पोरांनी निवडलेला. समीक्षा तोवर अठराची होते. तिचं पहिलं मत पाटलाच्या घराविरुद्ध पडेल.

लोक म्हणतात, मनात एवढा राग ठेवू नका. ठेवीन. मला न्याय पाहिजेच, पण बदलाही पाहिजे. तो जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांसमोर पाहिजे.

त्याच शाळेत, त्याच खोलीत मतदान राहील. टेबलाशी एजंट म्हणून मी बसणार. पाटलाच्या समोर. माझे अर्धे दात पडलेत, तोंड उघडंच राहील. टोलीतल्या पोरी एकेक येतील, नाव सांगतील, बोटाला शाई लावून घेतील. कोणाच्या हनुवटीकडं हात गेला तर तो हात मी धरणार.

आणि निकाल लागेपर्यंत मी त्या शाळेसमोरून उठणार नाही.