ओटा आणि खड्डा पाठीला पाठ

नकाशा भिंतीवर चिकटवलेला होता, मी तो फाडला. तिथून मारामारी सुरू झाली. पण आधीचं सांगावं लागेल.

मी या एसटी डेपोत गाड्या दुरुस्त करत म्हातारा झालो. शाळा चौथीपर्यंत. माझी बायको इथेच गाड्या धुवायची. धुण्याचा ओटा आणि दुरुस्तीचा खड्डा आमच्याकडे पाठीला पाठ लावून होते, जागा वाचते म्हणून. ड्रायव्हर गाडी मागे घेत खड्ड्यावर आणतो, तेव्हा एक माणूस मागच्या पत्र्यावर थाप मारत सोबत चालतो. थाप चालू तोवर ये, थाप बंद की थांब. इंजिनांच्या आवाजात ओरडून काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे असंच करतात.

त्या दिवशी तोरणमाळहून उतरलेली गाडी चिखलाने भरली होती. बायको ती धूत होती आणि खराटा पत्र्यावर आपटून चिखल झाडत होती. तिच्या पाठीमागून दुसरी गाडी उलटी खड्ड्याकडे निघाली. थाप मारणाऱ्याने थाप बंद केली, पण ड्रायव्हरला खराट्याचे ठोके ऐकू येत होते. त्याला वाटलं, अजून ये म्हणतात. तो आला. माझी बायको दोन गाड्यांच्या मध्ये सापडली. तिच्या छातीची हाडं मोडली तो आवाज मी ऐकला. गाडी पुढे काढली तरी ती थोडा वेळ उभीच होती. मग पडली.

मी टामी उचलली, चाक खोलायची लोखंडी कांब, आणि ड्रायव्हरला खाली ओढून त्याचा हात मोडला. डोकंही फोडलं असतं, चौघांनी मला धरलं. त्याने तक्रार केली नाही. हात वाकडाच जुळला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

यंदा वरून एक साहेब नकाशा घेऊन आला. सगळ्या डेपोंना एकच नकाशा. एकच मोठं छप्पर, त्याखाली खड्डे, ओटा, सगळं. पाण्याची लाइन एक, गटार एक, खर्च कमी. ड्रायव्हरांच्या आरामाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मी रिटायर झालेलो, पण गाड्या धुणाऱ्या बायांनी मला घरून उठवून नेलं. मी बघितलं, ओटा आणि खड्डा पुन्हा पाठीला पाठ.

मी म्हणालो, "ओटा तिकडे फाटकाजवळ न्या."

साहेब म्हणाला, "काका, ओटा वेगळा काढला की दुसरी लाइन, दुसरं गटार. मग मंजूर होत नाही. छप्परच दुसऱ्या डेपोला जाईल."

खड्ड्यावरचा फिटर उठला. याला पाना धरायला मी शिकवलं. "आबा, चिखलमा लोळीसन पाठ गयी मन्ही. आते छप्पर येस तर येवू दे ना!"

एक धुणारी बाई साहेबाला म्हणाली, "तुमनी बाईले धाडा ना ओटावर. छप्पर शे, ऊनबी लागाव नही." बाया हसल्या.

फिटरला ते हसणं झोंबलं. "एक बाई मरनी म्हणीसन आम्ही जलमभर वल्लं ऱ्हावानं का?"

मी नकाशा फाडला आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फुटला. त्याने मला उचलून फरशीवर आपटलं. माझं वय बघितलं नाही, बरं केलं. मग बायांनी त्याच्या डोक्यात चपला घातल्या, दुसरे फिटर बायांवर धावले, बाक उलटलं, एकीचं कपाळ त्याच्या कोपऱ्यावर आपटून रक्ताने भरलं. साहेब दाराकडे निघाला, तर दारात गर्दी.

वाकड्या हाताचा ड्रायव्हर मध्ये आला आणि मला उठवायला वाकला. मी पडल्या पडल्या त्याच्या नाकावर मारलं. तो हलला नाही. पुन्हा मारलं. नाकातलं रक्त माझ्या सदऱ्यावर पडत होतं आणि तो साहेबाला सांगत होता, "त्या छप्परखाल मी गाडी मांगे लेवाव नही. नोकरी गयी तरी चाली."

मागून दुसरा ड्रायव्हर म्हणाला, "मीबी नही." मग तिसरा. मग सगळेच. ड्रायव्हर हलला नाही तर डेपोत गाडी हलत नाही, एवढं साहेबालाही कळत होतं. तो खाली बसला आणि फाटलेले तुकडे जुळवायला लागला.

ओटा फाटकाजवळ गेला. खर्च तेवढाच ठेवायचा म्हणून छप्पर अर्धं झालं. एका खड्ड्यावर पत्रा, दुसरा उघडा. उघडा त्या फिटरच्या वाट्याला आला. मी दिसलो की तो खड्ड्यातून ओरडतो, "म्हातारा, तुन्हा मुडदा पडो!"

"पडी ना," मी म्हणतो. "तू पाना फिराव."

बाया आता मोकळ्यावर धुतात, मागे कोणती गाडी येत नाही. मी बघतो आणि घरी जातो. ड्रायव्हरशी मी बोलत नाही. तो रस्त्यात थांबतो, मी पुढे जातो. घरी एकट्यापुरता चहा ठेवतो, आणि तो उकळेपर्यंत मला परत कुणालातरी मारावंसं वाटत राहतं.