शेंदूर लावलेल्या पट्ट्या

सुचिताची पाळी एकोणतिसाव्या वर्षी थांबली. सौसरच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. मग अंगातून वाफा निघू लागल्या. भर थंडीत ती पंखा लावून ब्लाऊज शिवायची. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अंडाशय वेळेआधीच थकलं होतं. मूल हवं तर दुसऱ्या बाईचं बीज घ्यावं लागणार होतं. सुचिताचा नवरा मयूर त्याला तयार नव्हता.

"एक नवा उपाय आहे. खात्री देत नाही," बाई म्हणाल्या. "पोटावर पट्ट्या लावून रोज हलका करंट द्यायचा. कधी कधी पाळी परत येते. मुंग्या आल्या पाहिजेत, तरच करंट पोचतो."

यंत्र घरी आलं. शिलाई आटोपली की सुचिता पट्ट्या लावून पडायची. मयूर दारातून डोकावायचा.

"काय वो, किती टक्के चार्ज झाली आज?"

"तुमच्या मोबाईलपेक्षा जास्त."

पोटावर मुंग्या यायच्या. तिला त्या आवडू लागल्या होत्या.

मयूरचं दुसरं लग्न करा म्हणणाऱ्या नातलगांना तिची सासू, चंद्रकलाबाई, दारातूनच वाटेला लावायच्या. "माही सून काय बैल आहे, बदलून आणाले?"

एका शनिवारी चंद्रकलाबाई पट्ट्या घेऊन जामसांवलीच्या मारुतीला अनवाणी गेल्या. परतल्या तेव्हा पट्ट्यांच्या चिकट बाजूवर तेलातला शेंदूर चोपडलेला होता.

"आई, हे काय केलं?"

"मारुतीरायाचा हात लागला पाह्यजे नं पोरी. नुसत्या करंटनं काय होते?"

पट्ट्या चिकटेनात. चंद्रकलाबाईंनी वरून फडकं घट्ट बांधलं. यंत्राचा दिवा लागला. सुचिताला काहीच जाणवलं नाही. तिनं बटण वाढवलं. तरी नाही.

नव्या पट्ट्या मागवता आल्या असत्या. पण देवाचा शेंदूर लागलेल्या पट्ट्या सासूसमोर फेकायच्या कशा? चंद्रकलाबाई रोज हात जोडून शेजारी बसायच्या.

"येऊन राहिल्या का मुंग्या?"

"हो, आई."

तीन महिन्यांनी तपासणीला सासू-सून डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. रक्तात काही फरक नव्हता.

"मुंग्या रोज येत होत्या ना?" बाईंनी विचारलं. "करंट पोचत नसेल तर सांग. पुन्हा तीन महिने करून पाहू. पोचत असेल, तर मात्र याच्या पुढं माझ्याकडं काही नाही."

सुचितानं सासूकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. जप चालला होता.

"येत होत्या," ती म्हणाली.

बाईंनी कागद मिटला.

"बाई, आमच्याकडून काही कमी तर नाही पडलं नं?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. तुम्ही सगळं बरोबर केलं."

चंद्रकलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मयूर खाली गाडीपाशी उभा होता. त्याला सांगायला सुचिता एकटीच जिना उतरली.